मोडीची पाने आणि भाड्याचे ग्राफिक्स कार्ड

जत हे डफळ्यांचे संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. दक्षिण महाराष्ट्रातील इतर संस्थानांप्रमाणे इथलाही जुना कारभार मोडीत चाले. मोडी सरसर वाचणारे आता थोडेच उरले आहेत, म्हणून ते काम यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी दोन हजारांहून अधिक मोडी प्रतिमांचा संच आणि त्यावरून देवनागरी मजकूर देणारे प्रारूप मांडले. उद्या जत तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाने आपली दप्तरे अशा प्रारूपाकडून वाचून घ्यायची ठरवली, तर पहिला प्रश्न लिपीचा नसेल. तो यंत्राचा असेल: कोणते ग्राफिक्स कार्ड भाड्याने घ्यायचे?

कार्ड लागते ते एका साध्या कारणाने. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरात थोडे पण तरबेज गणक असतात, ग्राफिक्स कार्डात हजारो साधे. अशा प्रारूपांचे काम म्हणजे आकड्यांच्या प्रचंड कोष्टकांचे गुणाकार, आणि ते हजारो हातांनी एकदम होतात. कार्ड विकत घेणे परवडत नाही, म्हणून ‘क्लाऊड’. हा ढग आभाळात नसतो. मायक्रोसॉफ्टची यंत्रे २०१५ पासून पुण्यात आहेत, ॲमेझॉनची २०१६ पासून मुंबईत, आणि योट्टाचे मोठे केंद्र पनवेलला आहे. तिथले एक यंत्र काम वाटते आणि बाकीची ते उरकतात. या राबणाऱ्या यंत्रांना ‘वर्कर’ म्हणतात.

निवडताना लोक वेगाचे आकडे पाहतात. आधी पाहायची ती कार्डाची स्मृती. सात अब्ज आकड्यांचे प्रारूप, प्रत्येक आकड्याला दोन बाइट, म्हणजे नुसते ठेवायलाच १४ जीबी. टी४ कार्डात १६ जीबी असते. पानाची प्रतिमा आत आली की ते तुडुंब. एल४ मध्ये २४ जीबी, तिथे काम निभावते. मात्र २४ जीबी असे छापलेले प्रत्येक कार्ड सारखे नसते. २०१४ च्या के८० वरही तोच आकडा असे, पण आत १२-१२ जीबीच्या दोन वेगळ्या चिपा होत्या. एका खोलीत न मावणारे कपाट दोन खोल्यांत आपोआप मावत नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या जातीची. दप्तराचे प्रत्येक पान स्वतंत्र आहे. एका पानाला तीन सेकंद धरले, तर लाख पानांना सुमारे ८३ तास लागतील; चार वर्करांना २१ तास. या वर्करांना एकमेकांशी बोलावे लागत नाही, त्यामुळे लहान, स्वस्त कार्डे पुरतात. प्रारूप मुळापासून शिकवायचे असेल तर गोष्ट वेगळी: तेव्हा कार्डांना सतत देवाणघेवाण करावी लागते. पुण्याच्या सी-डॅकची ‘परम सिद्धी-एआय’ (२०२०) त्यासाठी, ए१०० कार्डे वेगवान जाळ्याने जोडून उभी केलेली. वाचनालयाने त्या जातीचे यंत्र भाड्याने घेणे म्हणजे दळण आणायला मालगाडी लावणे.

खरी मेख ड्रायव्हरमध्ये आहे, आणि दरपत्रकात ती दिसत नाही. ड्रायव्हर हा कार्ड आणि कार्यप्रणाली यांच्यामधला दुभाषी. त्यावर एनव्हिडियाचा ‘कुडा’ हा संच, आणि कुडावर मोडी वाचणारी आज्ञावली. प्रत्येक कुडाला ड्रायव्हरची किमान आवृत्ती लागते: लिनक्सवर कुडा १२ ला ५२५, कुडा १३ ला ५८०. उलट, नवे ड्रायव्हर जुनी कार्डे सोडून देतात. के८० चा प्रवास ४७० च्या मालिकेत संपला. २०१७ चे व्ही१०० अजूनही दमदार आहे, पण २०२५ च्या कुडा १३ ने त्याचा आधार काढला. म्हणून निवड उलट्या दिशेने करावी: आधी आज्ञावलीला कोणता कुडा हवा ते पाहा, मग ड्रायव्हर, शेवटी कार्ड.

‘कंटेनर’ वापरला की ही कटकट मिटते, असा समज आहे. अर्धाच खरा. त्या पेटीत आज्ञावली आणि कुडा बांधून नेता येतात. ड्रायव्हर मात्र मूळ यंत्रावरच राहतो. कार्डाचा तुकडा भाड्याने घेतला असेल (एका ए१०० चे सातपर्यंत भाग होतात) तर कधीकधी नेहमीचा ड्रायव्हर चालतच नाही. यजमान यंत्राशी जुळणारा, पुरवठादाराने दिलेलाच बसवावा लागतो. शिवाय लिनक्सचा गाभा रात्रीतून आपोआप अद्ययावत झाला, की सकाळी चारपैकी एक वर्कर कार्ड ओळखेनासा होतो. आपोआप होणारे बदल बंद ठेवून सगळ्या वर्करांवर एकच आवृत्ती कायम करणे, हा त्यावरचा साधा इलाज.

भाडे सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा द्यावी. ती कार्डाचे नाव, स्मृती आणि ड्रायव्हर दाखवते. वरच्या कोपऱ्यात कुडाचाही आकडा असतो. तो बसवलेल्या कुडाचा नव्हे. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठवर चालेल, त्याचा असतो. मग दप्तरातली दहा पाने, त्यातले एक वाळवीने खाल्लेले, एकाच वर्करवर चालवून पाहावीत आणि मगच बाकीचे तीन भाड्याने घ्यावेत.