डबीवरचे साडेबाराशे

पनवेलच्या आमच्या इमारतीतल्या काकू, वय 58, परवा कॅल्शियमच्या गोळ्यांची डबी घेऊन आल्या. "पाळी गेल्यावर बाराशे लागतं ना रे? ह्या एका गोळीत साडेबाराशे आहे. मग दूध कशाला ढोसायचं?"

डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम. त्यातलं खरं कॅल्शियम 500. कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियम असतं जेमतेम 40 टक्के. सायट्रेटमध्ये तर 21च.

काकूंचा आकडा मात्र बरोबर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीत प्रौढांना रोज 1000 मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बायकांना 1200. 2010 साली प्रौढांसाठी हाच आकडा 600 होता.

मग दिनदर्शिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. दिवसभराच्या चहातलं दूध अर्धा कप, म्हणजे साधारण 120. वाटीभर दही, तेवढंच. डाळ, भात, भाजी, तांदळाची भाकरी मिळून ढोबळ 200. बेरीज 440. काकूंचा चेहरा उतरला.

तांदळाच्या जागी नाचणी आली की चित्र पालटतं. 100 ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम, म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 180. पेलाभर दुधाचे 240, तिळाच्या चमचाभर चटणीचे 60. झाले 920. पालक यात धरू नये. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला अडवून धरतं. तिळातही ते थोडं असतंच, त्यामुळे चटणीचे सगळेच साठ अंगी लागत नाहीत.

उरली तूट तीनशेच्या आसपास. तेवढ्यासाठी एक गोळी पुरे, दोन कशाला? कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी, एका वेळी 500च्या वर नको. काकू ती सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच गिळत होत्या! त्या दोघींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. मुतखडा होऊन गेला असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. गरोदर बायकांचं वेगळं. चौदाव्या आठवड्यापासून रोज 500च्या दोन गोळ्या हे सरकारी धोरणच आहे, तिथे असली काटछाट करू नये.

"आणि सुकट?" काकूंचा खरा प्रश्न हाच होता. सुकट सालासकट पोटात जाते, म्हणून कॅल्शियम भरपूर, मीठही.

"पण आता श्रावण लागतोय रे."

लागू दे. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी होतेच की घरात. 100 ग्रॅम पाल्यात 314.