घड्याळासाठी चामड्याचे घर
(उच्च प्राथमिक वर्गांसाठी हस्तव्यवसायातील एक पाठ)

चष्म्याला जसे घर असते तसेच मनगटी घड्याळालाही असावे. जिल्ह्यातील अनेक घरांत आजोबांचे किंवा वडिलांचे किल्लीचे घड्याळ कपाटातील कप्प्यात, सुट्या नाण्यांच्या व किल्ल्यांच्या सोबतीने पडलेले आढळते. बंगळूर येथील एच. एम. टी. कारखान्यात १९६१ पासून घड्याळे तयार होऊ लागली आणि हा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला.  म्हणून जी शिल्लक आहेत ती जपणे अगत्याचे आहे. कोल्हापूरच्या मुलांना ती जपण्याचे साधन दूर शोधावे लागत नाही, कारण त्याला लागणारे चामडे, हत्यारे आणि ज्ञान ही तिन्ही त्यांच्या जिल्ह्याची जुनी मत्ता आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहावी ते आठवीच्या काळात विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून काम शिकावयाचे आहे. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांत सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर चर्मकामालाही स्थान दिले होते. प्रत्यक्षात बहुतेक शाळांनी सूतकताई स्वीकारली आणि चर्मकाम बाजूस राहिले. त्याचे कारण साहित्याची टंचाई हे नव्हते. कातड्याला हात लावण्याचा संकोच हे होते. त्या संकोचाचा विचार या पाठाच्या अखेरीस केला आहे.

कोणते चामडे घ्यावे

कातडे कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. क्रोमच्या क्षारांनी कातडे थोड्या दिवसांत तयार होते. ते मऊ असते, पण ओले करून दिलेला आकार धरून ठेवीत नाही. दुसरी रीत वनस्पतींची. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेले कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात कित्येक दिवस मुरवितात. साल व हिरडा यांतील टॅनिन कातड्याच्या तंतूंशी घट्ट बांधले जाते आणि कातडे कुजण्याचे थांबते. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच रीतीचे. ते ओले केले असता वळते आणि वाळले की तोच आकार धरते. घड्याळाच्या घरासाठी म्हणून हेच चामडे उत्तम होय.

बाहेरच्या भागासाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे म्हशीचे चामडे घ्यावे आणि अस्तरासाठी बकऱ्याचे पातळ, मऊ कातडे. अस्तर लावल्यास खालील मापात त्याची जाडी मिळवावी. जनावराच्या पाठीकडील चामडे घट्ट व एकसारखे असते, तर पोटाकडील सैल असून ताणले जाते. म्हणून घराचा मुख्य भाग पाठीकडून कापावा. पोटाकडील तुकडा आतल्या जिभेला चालतो.

माप व आराखडा

मुलांनी प्रथम घड्याळ मोजावे. उदाहरणार्थ, किल्लीसह तबकडीची रुंदी ४० मिलिमीटर आहे असे धरू. पट्टा बक्कल लावून चपटा केल्यावर घड्याळाची लांबी सुमारे १० सेंटिमीटर भरते. तबकडी, पट्टा आणि मध्ये घालावयाची जीभ मिळून जाडी २० मिलिमीटर होते.

घराची रुंदी ४० मिलिमीटर ठेवली तर घड्याळ आत जाणार नाही, हे मुलांना कागदी नमुन्यावरच पटवून द्यावे. वस्तूची जाडीही दोन्ही बाजूंच्या चामड्याने झाकावी लागते; म्हणून रुंदीत जाडी मिळवावी : ४० + २० = ६०. सैलपणासाठी ६ मिळविल्यावर ६६, आणि दोन्ही कडांना शिवणीसाठी ५-५ मिळविल्यावर ७६ मिलिमीटर. सोयीसाठी ही रुंदी ८ सेंटिमीटर धरावी. लांबीचा हिशेब असा : पुढील बाजू १२, तळ २, मागील बाजू १२ आणि झाकण ७, एकूण ३३ सेंटिमीटर.

येथे गणिताचा एक चांगला प्रश्न निर्माण होतो. चामडे चौरस फुटावर विकले जाते. एक चौरस फूट म्हणजे सुमारे ९२९ चौरस सेंटिमीटर; एका घराला ३३ × ८ = २६४ चौरस सेंटिमीटर लागतात. भागाकाराने तीन घरे निघावीत. परंतु चौकोनाची बाजू साडेतीस सेंटिमीटर असल्याने तेहेतीसची पट्टी त्यात सरळ बसतच नाही. ती कर्णाच्या दिशेने तिरपी ठेवली तर एकच बसते. क्षेत्रफळ पुरेसे असणे आणि आकार बसणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे सातवीच्या मुलास कागद फिरवून पाहिल्यावर कायमचे समजते. कारागीर तर मुळात वेड्यावाकड्या कातड्यावर, भोके व चरे चुकवून, आराखडा बसवीत असतो.

कृती

१. कागदी नमुना चामड्यावर ठेवून आरीच्या टोकाने हलकी रेघ ओढावी. रापीने कापण्याचे काम शिक्षकांनी किंवा कारागिरांनीच करावे. मुलांच्या हाती रापी देऊ नये. पाचवीच्या व त्याखालील वर्गांनी जाड पुठ्ठ्याचे घर करावे.

२. कडेपासून ५ मिलिमीटर आत रेघ आखून दर ४ मिलिमीटरवर खुणा कराव्यात. बारा सेंटिमीटरच्या शिवणीत ३० अंतरे पडतात, पण छिद्रे ३१ लागतात. हे मुलांना आधी विचारावे व मग मोजावयास सांगावे.

३. दोरा मेणावरून ओढून घ्यावा. तो शिवणीच्या चौपट लांब असावा. त्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया विरुद्ध बाजूंनी काढाव्यात. या शिवणीत एका बाजूचा धागा तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो.

४. घड्याळाच्या मापाचा लाकडी ठोकळा करून घ्यावा. शिवलेले चामडे ओलसर करून त्यात ठोकळा बसवावा, बोटांनी आकार द्यावा आणि सावलीत वाळवावे. प्रत्यक्ष घड्याळ ओल्या चामड्यात कधीही घालू नये. ओल्या चामड्यावर लोखंडी वजन ठेवल्यास टॅनिन व लोह यांच्या संयोगाने निळसर काळे डाग पडतात. म्हणून वजन दगडाचे किंवा लाकडाचे असावे.

५. जीभ म्हणून ८ सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद तुकडा कापून तो घड्याळाची पाठ व बक्कल यांच्यामध्ये सरकवावा. त्यामुळे बक्कलचा चरा घड्याळाच्या पाठीवर उठत नाही.

६. झाकणासाठी लोहचुंबकाची गुंडी लावू नये. चुंबकामुळे किल्लीच्या घड्याळातील केसासारख्या बारीक कमानीची वेटोळी एकमेकांस चिकटतात आणि घड्याळ पुढे धावू लागते. पुढील बाजूस शिवलेल्या चामड्याच्या पट्टीत झाकणाचे टोक खोचणे पुरेसे आहे. अस्सल कोल्हापुरी चपलेतही खिळा नसतो. शिवण व चामड्याची वादी यांवरच ती उभी राहते. घड्याळाच्या घरालाही हाच नियम हितकर आहे, कारण ज्या घरात धातू नाही तेथे चराही नाही.

घर तयार झाल्यावर आठ दिवस ते उघडे वाळू द्यावे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांतील पावसाळ्यात चामड्यावर बुरशी चटकन धरते. म्हणून त्या महिन्यांत आठवड्यातून एकदा घड्याळ बाहेर काढून घर कोरड्या फडक्याने पुसावे व वाऱ्यावर ठेवावे. उन्हात ठेवल्यास चामडे तडकते.

शिकवील कोण ?

या पाठाचा खरा शिक्षक गावातील चर्मकार बंधू किंवा भगिनी होय. चपलेच्या वेण्या घालण्याचे नाजूक काम पुष्कळ घरांत स्त्रियाच करतात. त्यांना शाळेत रीतसर निमंत्रण द्यावे, खुर्ची द्यावी, आणि मुलांनी त्यांना गुरुजी किंवा बाई म्हणूनच संबोधावे. कारागीर कुटुंबातील मूल वर्गात असल्यास, ‘हे तुझे काम’ म्हणून रेखाटणे वा शिवणे केवळ त्याच्यावर सोपवू नये. काम सर्वांनी सारखे वाटून घ्यावे. मात्र त्या मुलाने आपण होऊन काही दाखविले तर त्याचे ज्ञान वर्गापुढे मानाने मांडावे.

या सूचनेस कोल्हापुरात विशेष अर्थ आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत आणले. मुले एका बाकावर बसली. पण ज्यांच्या घरी कातडे कमावले जाई व शिवले जाई, त्यांची विद्या मात्र शाळेच्या दाराबाहेरच राहिली. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाची पादत्राणे मांडली, तेव्हा तिची चर्चा जगभर झाली. ज्या विद्येची दखल मिलानपर्यंत घेतली जाते, तिची हत्यारे कोल्हापूरच्या मुलाला नावानेही ठाऊक नसावीत हे योग्य नाही.

या पाठाची कसोटी घराच्या सुबकपणावर लावू नये. पहिल्या प्रयत्नात टाके वाकडे पडतील. ते पडू द्यावेत. एकतीस छिद्रे आपल्या हाताने पाडल्यावर मूल जेव्हा चप्पल ओळीतील एखाद्या दुकानात चपलेची शिवण न्याहाळू लागेल आणि ती कोणी घातली असे विचारील, तेव्हा पाठ पुरा झाला असे शिक्षकांनी समजावे.