गादी फाटली, पण कोणाची?

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे)चे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय किंवा पलीकडच्या सेवाग्रामचे रुग्णालय. या भागातल्या अस्थिरोग ओपीडीत दोन तऱ्हेचे गुडघे येतात. एक कबड्डीत पाय रोवून वळताना मुरगळलेला, विशीतला. दुसरा पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा, उकिडवे बसून निंदण करण्यात झिजलेला. एमआरआयच्या कागदावर मात्र दोघांनाही एकच शेरा मिळतो: गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटली आहे. घोळ इथूनच सुरू होतो.

निदान खरे तर मशीनच्या आधीच बरेचसे होते. सूज कधी आली? तासा-दोन तासांत टम्म फुगलेल्या गुडघ्यात बहुधा रक्त असते आणि लिगामेंट तुटल्याचा संशय येतो. गादीची सूज सहसा दुसऱ्या दिवशी दिसते. गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा होतो का? सांध्याच्या रेषेवर बोट दाबल्यावर नेमके दुखते का? मग गुडघा वाकवून, पाय फिरवून मॅकमरे चाचणी. वयस्कांचा उभ्याने काढलेला साधा एक्स-रे पुष्कळदा एमआरआयची गरजच ठेवत नाही.

कारण फाट दिसणे म्हणजे दुखण्याचे मूळ सापडणे नव्हे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या 991 जणांचे एमआरआय काढले गेले. 2008 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांची गादी फाटलेली होती, त्यांतल्या 61 टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता! 2013 मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी झिजून फाटलेल्या गादीच्या 146 रुग्णांपैकी निम्म्यांची फाट दुर्बिणीतून छाटली, बाकीच्यांवर नुसता शस्त्रक्रियेचा देखावा केला. वर्षाने दोन्ही गट सारखेच. त्याच वर्षीच्या अमेरिकी चाचणीत व्यायामाने सहा महिन्यांत शस्त्रक्रियेइतकाच गुण आला. अर्थात व्यायामाच्या गटातल्या 30 टक्के जणांनी तेवढ्यात ऑपरेशन करून घेतलेच, हेही सांगायला हवे.

एके काळी गादी निरुपयोगी समजून अख्खी काढून टाकत. तसे केल्यावर सांधा कसा झिजतो, हे ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी 1948 साली एक्स-रेवर दाखवले. आज शक्य तिथे शिवतात. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथले टाके जुळतात. आतली कड सहसा भरून येत नाही.

म्हणून त्या कबड्डीपटूचा गुडघा अडकला असेल, तर दिरंगाई नको. वेळ गेला की शिवण्याजोगी गादी छाटावी लागते. बाईंना आधी मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजनावर ताबा आणि काही महिने उकिडवे बसणे बंद. शेतमजुरी करणाऱ्या बाईला हा शेवटचा सल्ला पाळणे किती कठीण, ते लिहून देणाऱ्यालाही ठाऊक असते. ‘आधी व्यायाम’ या नियमालाही अपवाद आहेच: उकिडवे बसताना गुडघ्यामागे ‘कट्’ वाजून एकाएकी कळ आली, तर गादीचे मूळच उपटलेले असू शकते. अशा वेळी व्यायामावर महिने घालवू नयेत, लगेच दाखवावे.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: गादी शिवणार की छाटणार, आणि नाहीच केले तर काय होईल?