कुरणाचे मुद्दल

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी हे गाव आहे. तेथील शब्बीर सय्यद यांना २०१९ मध्ये गोसेवेसाठी पद्मश्री जाहीर झाली. मिळकतीचा आधार मुख्यतः शेणखताचा. तरीही गाय कत्तलीसाठी न विकण्याचा नेम त्यांनी अनेक दशके पाळला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. करुणेची वाण नव्हती. वाण होती चाऱ्याची.

आपल्या समाजात जीवदयेचे दान पर्युषणात मोठ्या भावाने होते. ती रक्कम बहुधा चैत्र-वैशाखात चढ्या भावाने चारा घेण्यात संपते आणि पुढील वर्षी पुन्हा तोच खर्च उभा राहतो. हे दान कुरणात गुंतवले, तर काय होईल?

हिशोब सोपा आहे. मोठ्या जनावराला रोज किमान १५ किलो हिरवा चारा धरला, तर १०० गायींना दिवसाला दीड टन, म्हणजे वर्षाला सुमारे ५५० टन लागतो. पाणी आणि खत पुरेसे असल्यास संकरित नेपियर एकरी ६० टनांपर्यंत उत्पन्न देते. म्हणजे नऊ-दहा एकर. मात्र क्षेत्र ठरवावे ते विहिरीच्या उन्हाळ्यातील पाण्यावरून, श्रावणातील पाण्यावरून नव्हे. पाणी चारच एकरांपुरते असेल, तर चारच एकर लावावे आणि पावसाळ्यातील जादा मका-ज्वारीचा मुरघास करून ठेवावा.

कुरणाचा खरा नियम व्यापाऱ्यांना नवा नाही: व्याज खावे, मुद्दल राखावे. गवताची मुळे आणि खालचा पाला हे मुद्दल. नेपियर जमिनीपासून अर्धा वीत राखूनच कापावे. मारवेल किंवा पवन्याच्या कुरणाचे चार-पाच भाग पाडून जनावरे क्रमाने फिरवावीत. चरून झालेल्या भागास तीन-चार आठवडे विसावा द्यावा. पाणी दिलेल्या ओल्या रानात गुरे सोडल्यास खुरांनी माती घट्ट होते आणि फुटवे मरतात. म्हणून वाफसा येईपर्यंत थांबावे. लसूणघास पौष्टिक खरी. पण उपाशी जनावराने ती ओली भरमसाट खाल्ली, तर पोटफुगीने प्राण जाऊ शकतो. आधी कडबा द्यावा, मग थोडी लसूणघास.

शेतीत जीवहिंसा घडते, म्हणून काही श्रावकांना संकोच वाटतो. बहुवर्षायू गवताचे येथे विशेष मोल आहे. एकदा लावलेले नेपियर तीन-चार वर्षे टिकते; दर हंगामाला नांगर फिरवावा लागत नाही. यतना म्हणतात ती हीच.

जमीन हलकी असली तरी उपाय आहे. २०१३ च्या दुष्काळात भारतीय जैन संघटनेने बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले होते. असा गाळ मुरमाड रानावर पसरला, तर ओल अधिक काळ टिकते. तलावाची साठवण वाढते ती निराळीच.

पर्युषणाचा काळ हाच मुरघासाच्या तयारीचाही काळ. तेव्हा दानाच्या पावतीवर चारा-खरेदीबरोबर ‘कुरण-विकास’ हेही एक खाते असावे. वैशाखात गोशाळेच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या गायीला तेव्हा सभा भरवून वर्गणी जमेपर्यंत थांबावे लागणार नाही.