वाटणीचा न्याय

पित्याच्या हयातीत पुत्राने जमिनीचा वाटा मागणे न्याय्य की उद्धटपणाचे? महाराष्ट्रात व बंगालमध्ये या प्रश्नाची उत्तरे शतकानुशतके निरनिराळी होती. आणि नवल हे, की दोन्हींचा आधार स्मृतिवचनेच होत. विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’प्रमाणे पुत्र जन्मतःच वडिलार्जित मिळकतीचा भागीदार ठरे, पित्यालाही ती वाटेल तशी विकता येत नसे. जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने पित्याच्या मृत्यूपूर्वी पुत्राला असा हक्क दिला नाही. मात्र निपुत्रिक पुरुषाच्या विधवेला, कुटुंब एकत्र असले तरी, पतीचा वाटा हयातभर उपभोगता येई. मिताक्षरेत तो दिरांकडे जाई; तिच्या वाट्याला केवळ पोटगी. दोन्हीकडील लोकांस आपलीच रीत स्वाभाविक वाटे.

भाऊ असता बहिणीला वारसा नाही, याविषयी मात्र दोन्ही पंथांचे एकमत होते! १९५६ च्या कायद्याने तिला पित्याच्या मिळकतीत वाटा दिला. वडिलार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली, तोही तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना, आणि देशभर २००५ साली मिळाला. तरीही भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देणाऱ्या बहिणी आजही गावोगाव आढळतात. माहेर तुटू नये, एवढेच त्यांचे म्हणणे असते.