‘मला गाडी लागते’ हे इंग्रजीत कसं सांगाल?

‘तुम्हाला इंग्रजी बोलता येतं का?’ असं विचारलं, की आपल्याकडचे पुष्कळ लोक लगेच मान हलवून नाही म्हणतात. याच मंडळींना रेल्वेच्या तिकिटाविषयी बोलतं करून पाहा. ‘आधी वेटिंग लिस्ट होती, चार्ट लागला तेव्हा आरएसी मिळालं, आणि शेवटी साइड अप्पर बर्थ कन्फर्म झाला.’ या वाक्यात मराठी शब्द किती आणि इंग्रजी किती, ते मोजा. प्लॅटफॉर्म, रिटर्न, बुकिंग, चेक-आउट हे शब्द शाळेत फार न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी असतात. तेव्हा शब्दांची तूट नाही. ते ओवायचा दोरा तेवढा आपल्याकडे नाही.

तो दोरा मिळवायला प्रवास आणि सुट्टी यांसारखा सोपा विषय नाही. कारण समोरचा काय विचारणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. कुठे गेला होता, कसे गेलात, किती दिवस राहिलात, हवा कशी होती, जेवण कसं होतं? गप्पा रत्नागिरीत होवोत की लंडनमध्ये, प्रश्न हेच. शिवाय सांगण्यासारखं काही ना काही प्रत्येकाकडे असतंच. अजिंठ्याच्या पायथ्याशी रंगीत स्फटिकांचे दगड विकणारे विक्रेते ऐका. त्यांचं इंग्रजी पुस्तकातून आलेलं नाही, रोजच्या गिऱ्हाइकाशी बोलून आलेलं आहे. व्याकरणाच्या परीक्षेत त्यांचं काय होईल ते सोडा, त्यांचा व्यवहार अडत नाही.

आपल्याकडे इंग्रजी आलं ते बहुतेक भाषांतराच्या वाटेने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर कितीतरी पिढ्या तयार झाल्या. त्यांचं वाचन आणि लेखन पक्कं झालं, यात शंका नाही. बोलणं मात्र वेगळ्या तालमीत तयार होतं. रेडिओवाल्यांनी हे लवकर ओळखलं. बीबीसीने १९४३ मध्ये ‘इंग्लिश बाय रेडिओ’ सुरू केलं. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ आणलं, त्यात सुमारे दीड हजार शब्दांत आणि सावकाश लयीत जगाच्या बातम्या सांगितल्या जात. दीड हजार शब्दांत जगाच्या बातम्या बसत असतील, तर आपली महाबळेश्वरची सहल नक्कीच बसेल.

आता खरी अडचण पाहू. मराठीत ‘लागणे’ हे एक अजब क्रियापद आहे. प्रवासात तर ते पावलोपावली भेटतं. दोन तास लागतात. वाटेत घाट लागतो. स्टँडवर बस लागली. आम्हाला पाऊस लागला. मला गाडी लागते. या सगळ्यांना पुरून उरेल असं एकही क्रियापद इंग्रजीत नाही, आणि आपण ते शोधत बसतो म्हणून जीभ अडते. दोन तास लागतात, तिथे ‘इट टेक्स टू अवर्स’. वाटेत घाट लागतो, तिथे क्रियापदाचं ओझंच नको: ‘देअर इज अ घाट ऑन द वे’. बस लागली म्हणजे ‘द बस इज इन’. पाऊस लागला, तर ‘वी गॉट कॉट इन द रेन’, म्हणजे पावसाने आम्हाला गाठलं. आणि गाडी लागते, ते ‘आय गेट कारसिक’. शब्दाला शब्द न लावता प्रसंगाला वाक्य लावायचं, ते असं.

आणखी एक गंमत पाहा. मराठीत बऱ्याच गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. मला उशीर झाला, मला तहान लागली, मला समुद्र आवडला, आम्हाला गाडी मिळाली नाही. गाडी चुकली, तरी वाक्यात चुकते ती गाडीच! इंग्रजी माणूस मात्र सगळं स्वतःकडे घेतो. ‘आय अ‍ॅम लेट’, ‘आय अ‍ॅम थर्स्टी’, ‘आय लव्ह्ड द सी’, ‘वी मिस्ड द ट्रेन’. ‘मला’ने सुरू होणारं वाक्य मनात आलं की इंग्रजीत ‘आय’ने सुरुवात करून पाहायची. निम्म्या वेळा तरी पुढचा रस्ता आपोआप सापडतो.

काळाचा घोळही इथेच होतो. ‘मे महिन्यात आम्ही मालवणला गेलो होतो’ याचं आपण ‘वी हॅड गॉन टू मालवण इन मे’ असं करतो. मराठीतला ‘होतो’ तिकडे नेण्याची गरज नसते. ‘वी वेंट टू मालवण इन मे’, एवढंच. ‘हॅड गॉन’ लागतं ते एका जुन्या घटनेच्या आधीची दुसरी घटना सांगताना: आम्ही पोचलो तेव्हा शेवटची होडी निघून गेली होती. ‘तुम्ही कधी गोव्याला गेला आहात का?’ हे विचारताना ‘हॅव यू बीन टू गोवा?’ म्हणावं. ‘ही हॅज गॉन टू गोवा’ म्हटलं तर तो अजून गोव्यातच आहे.

उद्धटपणाचा आरोप मात्र आपल्यावर उगाच येतो. ‘दोन तिकिटं द्या’ म्हणताना आपला आदर ‘द्या’मध्ये असतो. ‘दे’ म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. इंग्रजी क्रियापदाला अशी सोय नाही, म्हणून ‘गिव्ह मी टू टिकेट्स’ कानाला हुकूम वाटतो. तिथे आदर बाहेरून जोडावा लागतो: ‘टू टिकेट्स टू ठाणे, प्लीज’ किंवा ‘कुड यू...’ने सुरुवात. घरातून निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणं अशुभ. पण पाहुण्याने दारात उभं राहून ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हटलं तर परदेशी यजमान बुचकळ्यात पडेल. ‘आय अ‍ॅम ऑफ’ म्हणावं.

‘आउट ऑफ स्टेशन’ आणि ‘नेटिव्ह प्लेस’ यांची मात्र लाज बाळगू नये. इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या ठिकाणाला स्टेशन म्हणत, हिल स्टेशनमधलं स्टेशन तेच. भारतात हे शब्द सर्वांना कळतात. लंडनचा माणूस रेल्वे स्टेशन शोधू लागेल, तिथे ‘आउट ऑफ टाउन’ म्हणा.

हे सगळं कुठे निकडीचं होतं? लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला एकटी निघालेली आई डोळ्यांसमोर आणा. विमानतळावरचा अधिकारी विचारतो, ‘व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?’ शाळेने शिकवलेलं पूर्ण वाक्य जुळवताना तिला घाम फुटतो. पण बोलण्यात पूर्ण वाक्य लागतंच कुठे? ‘टू सी माय डॉटर.’ किती दिवस? ‘टू मन्थ्स.’ ही अगदी शुद्ध उत्तरं आहेत. धोका आहे तो न समजता मान डोलावण्यात. ‘आर यू कॅरिंग एनी फूड?’ याला घाईत ‘नो’ म्हटलं आणि बॅगेत डिंकाचे लाडू नि लोणचं निघालं, तर दंडही होऊ शकतो. खाद्यपदार्थ असतील तर सांगून टाकावं: ‘येस, सम लाडूज अँड पिकल.’ प्रश्न कळला नाही, तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?’ दुभाषा मिळेल का, असंही खुशाल विचारावं. हे एक वाक्य मात्र प्रवासाआधी तोंडपाठ हवं.

सरावासाठी एकच सहल घ्या, मग ती आळंदीची का असेना. निघण्याआधी सांगा, ‘वी आर गोइंग टू आळंदी ऑन संडे’. वाटेत डोळ्यांना दिसतं ते सांगा. परत आल्यावर तीच हकिगत ‘वी वेंट’ने सुरू करा. ऐकायला नातू असला तर उत्तम, तो चुका काढेल आणि हसेलही, हसू द्या. कोणी नसेल तर मोबाइलवर आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. आठवड्याने तीच सहल पुन्हा सांगा आणि दोन्ही ध्वनिमुद्रणं शेजारीशेजारी ऐका. रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहत असाल तर घोषणेकडे कान द्या. तीच माहिती आधी मराठीत आणि हिंदीत ऐकलेली असते, त्यामुळे इंग्रजी घोषणेचा अर्थ लावावा लागत नाही, नुसती वाक्याची चाल पकडायची. गाडी उशिरा असेल, तर ती चाल पकडायला वेळही भरपूर मिळतो.