आठवड्याची कुस्ती तासाभरात

अमेरिकेत सोमवारी रात्री आठला सुरू होणारा डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीचा 'रॉ' थेट बघायचा, तर आपल्याकडे मंगळवारी पहाटे साडेपाच-साडेसहाला उठून बसावं लागतं. शाळेचा डबा आणि सातची लोकल सोडून कुस्ती कोण बघणार? टेन स्पोर्ट्सच्या जमान्यात डब्ल्यूडब्ल्यूईच्या कितीतरी चाहत्यांना आठवड्याचा गोषवारा देणाऱ्या कार्यक्रमांचाच आधार होता. 'रॉ'साठी 'बॉटम लाइन', 'स्मॅकडाउन'साठी 'आफ्टरबर्न'. हे म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असं अनेकजण म्हणत. मला ते कधीच पटलं नाही.

एकेकाळी शनिवार-रविवार हाच टीव्हीवरच्या कुस्तीचा मुख्य वार होता. १९८६ साली सुरू झालेला 'सुपरस्टार्स' अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांवर आठवडाअखेरीस लागे. नामांकित मल्ल एखाद्या अनोळखी गड्याला दोन-तीन मिनिटांत लोळवायचा आणि मग माइक हातात घेऊन पुढच्या शत्रूला आव्हान द्यायचा. ११ जानेवारी १९९३ला 'रॉ' सुरू झाला. १९९५मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच वेळेला 'नायट्रो' उभा केला आणि सगळा दारूगोळा सोमवारी खर्च होऊ लागला. शनिवार-रविवारकडे उरली ती उजळणी. २००२मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने मल्लांची 'रॉ' आणि 'स्मॅकडाउन' अशा दोन गटांत वाटणी केली, त्याच वर्षी 'बॉटम लाइन' आणि 'आफ्टरबर्न' आले. २००५नंतर अमेरिकेत ते दिसेनासे झाले, तरी परदेशी वाहिन्यांसाठी बनतच राहिले. म्हणजे ते आपल्यासारख्यांसाठीच बनत होते.

संकलकाची खरी कसोटी कात्री कुठे चालवायची यात असते. इथला निकाल आधी ठरलेला असतो, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यामुळे कोण जिंकलं यापेक्षा दोघं का भिडले, हे जास्त महत्त्वाचं. गोषवारा तेच राखतो: मागच्या आठवड्यातला दगा, माइकवरची धमकी, शेवटचा डाव, मंदगतीत पडलेली खुर्ची.

एप्रिल २००६मधला 'स्मॅकडाउन' घ्या. अंडरटेकर आणि मार्क हेन्रीची लढत चालू असताना दैवारी या व्यवस्थापकाबरोबर एक धिप्पाड माणूस रिंगणात येतो. समोरच्याकडे बहुतेकदा वरून बघणाऱ्या अंडरटेकरला मान वर करावी लागते. डोक्यावर एक तडाखा, आणि तो आडवा. हिमाचलच्या दलीपसिंग राणाचा, म्हणजे खलीचा, हा पहिला प्रवेश. त्याआधीची झुंज गाळली तरी चालते, पण ती वर झालेली मान गाळून चालणार नाही.

पण या कात्रीने नुकसानही होतं, आणि ते मला खरोखर सलतं. रिक फ्लेअर प्रतिस्पर्ध्याचा एकच पाय धरून बसायचा. गुडघ्यावर घाव घालत, पाय पिळत, दहा-दहा मिनिटं त्यालाच नरम करायचा. मग 'फिगर फोर' हा पायाचा डाव लागला की प्रेक्षकाचाही गुडघा दुखे. गोषवाऱ्यात मधली मिनिटं उडतात, आणि समोरचा मल्ल उगाच विव्हळतोय असं वाटतं. संथपणे रचलेली कुस्ती तिथे हमखास मार खाते.

आता प्रत्येक प्रसंगाची चित्रफीत काही मिनिटांत मोबाइलवर येते. पण हा प्रसंग तीन आठवड्यांपूर्वीच्या कुठल्या अपमानातून उगवला, हे ती सुटी फीत सांगत नाही. सोनीच्या वाहिन्यांवर खास भारतासाठी 'डब्ल्यूडब्ल्यूई संडे धमाल' हा हिंदी कार्यक्रम आला, तो याच गरजेपोटी. मधूनच बघायला बसलेल्या घरातल्या माणसाला कुणाचं कुणाशी का वाजलंय, हे कुणीतरी नीट सांगावं लागतंच.